उघडून पाह्यलं का?

माझ्या मामेबहिणीला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा आमच्या जीवशास्त्राच्या सरांना मीच घरी बोलावलं होतं. ती चूक माझी. पाहुणे नागपूरचे, मुलगा बँकेत. पोहे झाले, चहा झाला. दोन्हीकडची मंडळी शब्द जपून वापरत होती. तेवढ्यात सर मुलाला म्हणाले, "जरा जीभ बाहेर काढा."

मुलगा बावचळला. सरांनी स्वतःची जीभ बाहेर काढली आणि तिच्या दोन्ही कडा पन्हाळीसारख्या वर वळवून दाखवल्या. "अशी वळते का?" मुलाने प्रयत्न केला, वळली नाही. मग सरांनी त्याच्या वडिलांना, आईला आणि सोबत आलेल्या काकांनाही जीभ वळवायला लावली. आईची वळली. सरांनी खिशातून एक लहानशी वही काढून तेवढं टिपून घेतलं आणि मामाला म्हणाले, "चांगले लोक आहेत, देऊन टाका पोरगी." लग्न जमलं. सासूबाईंशी माझी पहिली ओळख त्यांच्या जिभेपासून झाली, असं मामेबहीण अजून सांगते.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका खासगी हिंदी शाळेत आम्ही सोबत होतो. मी हिंदी शिकवायचो, ते जीवशास्त्र. ते राहायचे सौसरला आणि रोज बसने येणं-जाणं करायचे. बसमध्ये बरोब्बर ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचे. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "तो डुलकी घेऊन राहिला तर उठवायले कोणी पाहिजे ना." उंच, खांद्यात वाकलेले, मार्च संपेपर्यंत अंगात तपकिरी स्वेटर. डबा उभ्याने खायचे. शिकवायचे हिंदीतून, पण एखादी गोष्ट पोरांच्या मनात खरोखर उतरायला हवी असं वाटलं की हिंदी सोडून घरच्या बोलीत यायचे. पोरांना ते ठाऊक होतं. सरांची भाषा बदलली की सगळ्यांचे पेन चालू व्हायचे.

स्टाफरूममध्ये त्यांचा सगळ्यांना त्रास होता. आपण मास्तर लोक दमलो की काहीबाही बोलतो. त्या पोराचं डोकंच नाही, त्या पोरीच्या डोक्यात भुसा आहे, असलं. कोणी असं बोललं की खिडकीशी डबा खात उभे असलेले सर मागे वळून अगदी शांतपणे विचारायचे, "उघडून पाह्यलं का?" महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न यायचा. शेवटी गणिताच्या मॅडम चिडून म्हणाल्या, "सर, आम्ही काय सर्जन आहोत?" सर म्हणाले, "तेच म्हणून राहिलो मी."

त्यांच्या वर्गात कोणी नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पंधरा दिवसांच्या आत सर त्यांच्या घरी जात. पालकांना वाटायचं, तक्रार आहे. सर म्हणायचे, "जागा पाहायले आलो. अभ्यासाले कुठं बसतो हा?" ती जागा दाखवली की तिथे मांडी घालून बसायचे, पिशवीतून पुस्तक काढायचे आणि पान वाचता येतं का ते बघायचे. नाही आलं तर त्याच पिशवीतून बल्ब निघायचा. घरच्यांनी नको नको म्हणेपर्यंत सर स्टुलावर चढून जुना बल्ब काढून मोकळे झालेले असायचे. मग त्यांच्या रजिस्टरात त्या नावापुढे तीन नोंदी व्हायच्या: आई किती शिकली, घर ते शाळा किती पावलं, उजेड कसा. गुणांचा रकाना सगळ्यात शेवटी, आणि तोही बारीक.

या सगळ्यावरून कोणाला वाटेल की सर रक्ताबिक्ताला मानत नसतील. उलट होतं. आनुवंशिकता हा त्यांचा जीव की प्राण; जिभांच्या त्या नोंदीही त्यासाठीच. लग्नात ते जेवणाच्या पंगतीऐवजी वऱ्हाडाच्या कानाच्या पाळ्या बघायचे. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या तेराव्याला गेलो होतो, तिथेही हळूच मला म्हणाले, "तिन्ही पोरांचे कान बापाचे. काय सुंदर उतरले आहेत." आजी-आजोबांपासून नातवापर्यंत काहीतरी गुपचूप चालत येतं, ह्याचं त्यांना म्हातारपणीही लहान मुलासारखं नवल वाटायचं.

पांढुर्णा जिल्हा झाला त्या हिवाळ्यात एक कंपनी शाळेत आली. टाय बांधलेला एक तरुण आणि त्याच्यासोबत खोकाभर डब्या. हॉलमध्ये पालकांची सभा झाली. मुलाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, डबीत बंद करायची, आणि दीड महिन्यात अहवाल. मुलाचा कल कशाकडे, त्याला कोणते आजार होऊ शकतात, आणि मुख्य म्हणजे मूल शिक्षणात कुठवर जाईल, हे सगळं त्याच्या डीएनएवरून. संस्थेने मान्यता दिली होती. पालकांनी रांगा लावल्या. रांगेत मीही होतो. माझी मुलगी केतकी तेव्हा नववीत आणि मुलगा सातवीत. दोघांच्या डब्या मी स्वतः भरून दिल्या.

अहवाल चकचकीत होते. माझ्या मुलाच्या अहवालात शिक्षणक्षमतेच्या पट्टीवर बाण हिरव्या भागात होता. केतकीच्या अहवालात बाण नारिंगी भागात होता, जवळजवळ लालला टेकलेला. खाली एक ओळ होती: दीर्घ शिक्षणाकडे नैसर्गिक कल सरासरीपेक्षा बराच कमी. मी ते दोन्ही अहवाल कपाटात कपड्यांखाली ठेवले. बायकोला सांगितलं, मुलांना दाखवायचे नाहीत.

अहवालाच्या शेवटून दुसऱ्या पानावर जगाचा नकाशा होता आणि प्रत्येक खंडावर शिक्षणक्षमतेचा एक रंगीत स्तंभ. युरोपातल्या लोकांचा स्तंभ उंच, आपला आखूड, आफ्रिकेतल्या लोकांचा त्याहून आखूड. बारावीच्या एका मुलीने तो नकाशा वर्गात सरांसमोर धरला. माझा वर्ग शेजारीच, मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सर, इसका मतलब हम लोग पैदाइशी कम हैं क्या?"

मग सर बोलले, ते बोलीतच.

"माही बहीण इथं पांढुर्ण्यात राहते. पत्ता काय? पाण्याच्या टाकीजवळ, निळ्या दरवाजाचं घर. हाच पत्ता घेऊन तू सौसरले गेली, तर टाकी सापडन. निळा दरवाजाही एखादा सापडन. आत माही बहीण सापडन का?"

"नाही, सर."

"या लोकांनी हेच केलं. लाखो माणसं तपासली, पण बहुतेक सारी युरोपच्या वंशाची. कोण किती शिकलं ते विचारलं, आन् जास्त शिकलेल्यांमध्ये कोणत्या बारक्या बारक्या खुणा जास्त दिसतात ते पाह्यलं. ती खूण म्हणजे खरं जनुक नाही, जनुकाच्या शेजारची टाकी आहे. तिकडं टाकीच्या शेजारी घर असन. आपल्याकडं तीच टाकी दुसऱ्याच गल्लीत. मग तिथल्या पत्त्यावर आपल्याले शोधून, सापडले नाही म्हणून आपण कमी, असं कसं म्हणता येईन? त्यायचा स्तंभ आन् आपला स्तंभ शेजारी उभा करून उंची मोजताच येत नाही. आफ्रिकेच्या माणसाचीही नाही. आन् त्यायच्यातही हजार माणसांच्या सरासरीबद्दल थोडंफार समजते. एका पोराबद्दल काही सांगता येत नाही. हे मी नाही म्हणत, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात त्या कंपनीनंच लिहून ठेवलं आहे. वाचलं का कोणी?"

कोणी वाचलं नव्हतं. मीही वाचलं नव्हतं.

"आन् मोजलं काय त्यायनं? अक्कल नाही मोजली. शाळेत किती वर्षं गेला ते मोजलं. माही माय चौथी शिकली. माही बहीण एम.ए. बी.एड. आहे. माय हुशार नव्हती असं नाही, अख्ख्या गल्लीची पत्रं तीच लिहून द्यायची. मग दोघींच्या मधात काय बदललं? रक्त बदललं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "नाही, सर."

"मधात बस सुरू झाली," सर म्हणाले. "गावातून सौसरले जायची बस."

मी पार्टिशनच्या अलीकडे खडू हातात धरून उभा होतो. बोलणं छान होतं. पण खरं सांगतो, मला ते पटलं नाही. एकीकडे परदेशी यंत्रातून निघालेला छापील अहवाल आणि दुसरीकडे पाहुण्यांच्या जिभा तपासणारा माणूस. मी अहवालावर विश्वास ठेवला.

चार-पाच दिवसांनी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सरांनी विचारलं, "पोरीचा काय आला?"

"कमी आला, सर."

"मग?"

"मग काय. आत्ताच कळलं ते बरं झालं. आता तिची उगाच ओढाताण नाही करणार."

त्यांचा तो नेहमीचा प्रश्न येईल म्हणून मी तयारीत होतो, पण तो आला नाही. त्यांनी डबा बंद केला आणि तासाला निघून गेले.

ओढाताण न करण्याचं माझं धोरण घरात सुरू झालं होतं. आधी रोज संध्याकाळी मी केतकीला गणिताला घेऊन बसायचो. तिची चूक एकच, घाईत चिन्हं विसरायची, आणि त्यावरून मी चांगलाच तापायचो. आता मी बसणं कमी केलं. सहामाहीत तिला पंचावन्न मिळाले होते तेव्हा मी दोन दिवस बोललो नव्हतो. अहवालानंतरच्या चाचणीत अठ्ठेचाळीस मिळाले, तेव्हा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालो, "चांगले आहेत बेटा." मुलाला ऐंशीला बोलणी बसत होती. मला वाटत होतं, मी किती समजूतदार बाप झालो आहे.

पुढच्या आठवड्यात सर म्हणाले, "मास्तर, रविवारी सौसरले या. एका मोटरीचं काम आहे." सरांकडे ना शेत, ना विहीर. पण त्यांच्या बाबतीत असे प्रश्न विचारणं मी केव्हाच सोडलं होतं. गेलो.

त्यांनी मला बसस्टँडमागच्या एका गल्लीत नेलं. मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान होतं. तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या वार्निशचा वास, आणि दारात संत्र्याच्या बागांमधून आलेल्या सात-आठ पाणबुडी मोटरी पडलेल्या. दुकानदार पन्नाशीच्या आतला, हसरा. नाव सुखदेव. सरांना पाहून त्याने हात पुसले, पायाला हात लावला, आमच्यासाठी स्टुलं ओढली आणि चहा मागवला.

तो एक मोटर उघडून बसला होता. तिच्यावरची माहितीची पट्टी जळून काळी झाली होती, काहीच वाचता येत नव्हतं. त्याने बोटाने खाचा मोजल्या, आतल्या तारेचा एक तुकडा चिमटीत धरून जाडी पाहिली, डोळे मिटून ओठ हलवले आणि भिंतीवर खडूने तीन आकडे लिहिले. किती वेढे, किती जाडीची तार, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत. भिंत अशा आकड्यांनी आणि आकृत्यांनी वरपासून खालपर्यंत भरली होती.

मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"कुठं नाही, सर. पाहून पाहून. शिक्षणाचं म्हणाल, तर मी नववी नापास." मग तो सरांकडे बघून मोकळेपणी हसला. "हे आमचे सर. यायनंच तर बाबाले सांगतलं होतं, याच्या रक्तात शिक्षण नाही, कामाले लावा म्हणून. बराबर सांगतलं. नाही तर शाळेतच वाया गेलो असतो."

मी सरांकडे पाहिलं. ते चहाच्या कपाकडे पाहत होते.

"पोरगी आता आठवीत आहे," सुखदेव तार गुंडाळत म्हणाला. "परीक्षा झाली का काढून घेतो. पोरगी चांगली आहे, पण माह्यावर गेली. आमच्यात नाही ना ते."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, दुःखही नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांचे केस कुरळे, असं सांगावं तसं तो सांगत होता. सर म्हणाले, "तिले माह्याकडं पाठवत जा संध्याकाळी." सुखदेव म्हणाला, "कायले तरास घेता, सर?" सर म्हणाले, "पाठव." आणि उठले.

बसस्टँडच्या बाकावर बसल्यावर सर बोलायला लागले.

"सव्वीस वर्षांचा होतो मी. नवीन नोकरी होती. गावातल्या पन्नास घरांचे वंशवृक्ष काढले होते. मोठे कागद जोडून जोडून. कोण किती शिकलं, सारं रंगानं भरलेलं. याचा बाप आला, म्हणे, पोरगा नापास झाला, ठेवू का काढू? मी याचं घर पाह्यलं कागदावर. आजा अंगठेबहाद्दर, बाप अंगठेबहाद्दर, काका चौथी नापास. सारं घर कोरं. मी म्हटलं, तुमच्या घराण्यात नाही. पाच मिनिटं नाही लागले, मास्तर."

बस समोर येऊन लागली. सर उठले नाहीत.

"मंग एक दिवस सहज पाह्यलं, त्या गावात शाळा कधी झाली. याचा बाप वीस वर्षांचा होता तेव्हा झाली. मी ज्याले रक्त समजत होतो, ते गावात शाळा नसणं होतं. मी त्याच्याकडं गेलो. माफी मागाले गेलो. तर तो मलेच समजावून राहिला का तुमी बरोबर बोलले म्हणून. दर दोन-चार महिन्यांनी जातो मी. तो माह्यावर रागावला असता तर सोपं झालं असतं."

मला बसकडे पोचवताना ते म्हणाले, "अनुवंश खोटा आहे असं मी म्हणत नाही. जिंदगीभर तोच शिकवला. पण त्याचा अर्धवट कागद बापाच्या हातात नका देऊ. बाप लोक फार विश्वास ठेवतात."

परतीच्या बसमध्ये मी एकटाच होतो. जामसांवलीच्या मारुतीला जाणारी मंडळी वाटेत उतरली, बस अर्धी रिकामी झाली, आणि मला माझ्याच आवाजातलं 'चांगले आहेत बेटा' पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

घरी आलो. केतकी टेबलाशी वही घेऊन बसली होती. मी शेजारी खुर्ची ओढली आणि गणित पाहिलं. तिसऱ्या ओळीत वजाचं अधिक झालं होतं. मी म्हणालो, "हे काय आहे? किती वेळा सांगितलं, कंस सोडवताना चिन्ह बघ. नववीत आहेस का चौथीत? पुन्हा कर पूर्ण." आवाज चांगलाच चढला. स्वयंपाकघरातून बायको बाहेर डोकावली.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंड रडवेलं नव्हतं. तिने खोडरबर घेतलं, ती ओळ खोडली आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"तुम्ही रागावणं बंद केलं होतं ना," ती लिहिता लिहिता म्हणाली, "तेव्हाच मला कळलं होतं."

तिने अहवाल वाचला होता. हिवाळ्याचे कपडे आवरून ठेवताना तिला तो कपाटात सापडला होता, तिनेच सांगितलं. मी एवढंच म्हणालो की तो अहवाल आपल्यासाठी नाहीच, आणि तो वाचून तुझ्याशी जसा वागलो ते चुकलं. तिने मान हलवली आणि पुढचं गणित काढलं.

दहावीत तिला गणितात एकाहत्तर मिळाले. फार मोठे नाहीत. अकरावीला तिने मॅथ घेतलं, आता बारावीत आहे, चिन्हं अजूनही विसरते, आणि आमची भांडणं होतात. सुखदेवची मुलगी सरांकडे जाते. बापाचं मत बदललेलं नाही. सर हट्टी आहेत म्हणून पोरीला शिकवतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. कंपनी पुढच्या वर्षी पुन्हा आली होती. सरांनी शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांचं मराठीत आणि हिंदीत भाषांतर केलं, मोठ्या अक्षरांत लिहून फाटकाशी लावलं आणि दोन दिवस त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्या वर्षी डब्या फारशा भरल्या नाहीत.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलंच नाही. आम्हा सगळ्यांना जीभ वळवायला लावली, वहीत टिपलं, आणि मुख्याध्यापकांची वळत नाही हे माइकवरून जाहीर केलं. कार्यक्रम संपल्यावर ते ड्रायव्हरमागच्या जागेवर बसून सौसरला निघून गेले. मी आणि केतकी स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो होतो.

चालत घरी येताना मी तिला म्हणालो, "मला त्या रविवारी सौसरला कशाला बोलावलं, ते काही मी सरांना विचारलं नाही कधी."

केतकी थांबली. म्हणाली, "बाबा, मीच गेले होते त्यांच्याकडे. तो अहवाल घेऊन. त्यांना विचारलं, सर, माझा एवढा कमी आहे तर मी अभ्यास करू का सोडून देऊ."

"मग? काय म्हणाले?"

"अहवाल पूर्ण वाचला त्यांनी. मग घडी करून माझ्या दप्तरात ठेवला. म्हणाले, तू करत राह्य. हा धडा तुह्यासाठी नाही, तुह्या बाबासाठी आहे. त्याले शिकवाले थोडा वेळ लागन, मले पंधरा दिवस दे."